काळ्या पडद्याकडची बाजू

थियाची लेक नेल चार वर्षांची झाली, पण आईला बर्फावर नाचताना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. खेळ सुरू व्हायला दिवे मालवले की ती असा टाहो फोडायची, की कपडेपट सांभाळणारी बर्नीस तिला कडेवर घेऊन आत पळायची. "जाऊ दे गं, पुढच्या गावी बघेल," बर्नीस म्हणायची. थियालाही वाटायचं, बघेल. गावं काय, संपतात थोडीच!

गावं संपली. ईरी गावी, सरोवरावरचं वारं दारांच्या फटींतून आत शिरत असताना, कंपनीच्या मालकानं, व्हर्नननं, सगळ्यांना जमवून सांगितलं, दुपारचा खेळ शेवटचा. कंपनी बंद. फारसं कुणी रडलं नाही. एके काळी याच व्यावसायिक मंडळींच्या स्केटिंगच्या स्पर्धा टीव्हीवर रंगायच्या, परीक्षक खिरापतीसारखे दहापैकी दहा वाटायचे. पुढं ऑलिंपिकवाल्यांनाही कमाईची मुभा मिळाली. मग व्यावसायिकांच्या वेगळ्या स्पर्धेत वेगळं ते काय उरलं? त्या एकेक करून विझल्या. राहिले हे गावोगावचे खेळ.

रिकाम्या खुर्च्या दिसू नयेत म्हणून व्हर्नन आधी एका बाजूला काळा पडदा लावायचा. मग दोन बाजूंना. आता तीन. उरलेल्या बाजूवर काळोख. झोतात नाचणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. टाळ्या ऐकू येतात, बाकीची गर्दी ज्याची त्यानं मनात भरून घ्यायची.

"माझ्या नाचाला दिवे चालू ठेव," थिया व्हर्ननला म्हणाली.

"कुठले?"

"वरचे. सगळे."

"वेड लागलंय का? फाटका झगा कुणी उजेडात धरतं का, बाई? किती जण आलेत ते लोकांना दिसेल ना!"

"लोकांना ठाऊक असतं रे. तेच तर आलेले असतात."

"आणि तुला दिसेल, त्याचं काय?"

थिया म्हणाली, "पोर अंधाराला भिते माझी. उद्यापासून तिला काय दाखवू, कपाटातले स्केट्स?"

झग्याला मणी टाचता टाचता बर्नीस मध्येच बोलली, "लाव की रे बाबा. तिला घेऊन पळून पळून माझी कंबर गेली."

व्हर्नननं टक्कल खाजवलं. "तुझ्या नाचापुरते हं."

थिया रिंगणात उतरली तेव्हा बर्फ लख्ख उजळला होता, आधीच्यांच्या पात्यांचे ओरखडे मिरवत. तिनं मुद्दामच वर पाहिलं नाही. संगीत सुरू झालं. झोताच्या कडेवरून वळणाचा अंदाज घ्यायची तिला सवय. आता कडच नव्हती. पहिल्याच उडीत पाय निसटला, ती हातांवर पडली. ती उठली, कान देऊन ऐकलं. रडणं नाही. पुढच्या उड्या मग ती नुसत्या पायांच्या भरवशावर मारत गेली. शेवटची गिरकी घेतली, थांबली.

पहिला नमस्कार परीक्षकांच्या बाजूला, असं तिच्या पायांत भिनलेलं होतं. स्पर्धा गेल्या, परीक्षक गेले, पाय तेच. गुडघा मोडून, मान झुकवून, ती त्या बाजूच्या काळ्या पडद्यापुढं सावकाश वाकली. टाळ्या तिच्या पाठीमागं वाजत होत्या.

"आई! तिकडं कुणी नाहीये! मी इकडं आहे!"

कुणीतरी खुदकन हसलं. थिया वळली. जाड कोट घातलेली माणसं, विस्कळीत, मध्ये ओळीच्या ओळी मोकळ्या. एक म्हातारं जोडपं थर्मासमधली कॉफी बाजूला ठेवून टाळ्या वाजवत होतं. आणि पहिल्या ओळीत, खुर्चीवर उभी, टोपी एका कानावर आलेली नेल.

"तू पडलीस ना?" नेल ओरडली.

बर्फावरून प्रेक्षकांशी बोलायचं नसतं, हा धंद्यातला पहिला धडा.

"पडले गं!" थिया ओरडली.

मग चारही बाजूंचे नमस्कार तिनं त्या एकाच बाजूला घातले, एकेक, पुरता. चौथ्यानंतर मान वर केली तर नेल बर्नीसच्या पिशवीत बिस्किट शोधत होती. बघून झालं होतं तिचं.