लोण्याच्या टेबलावर सुनंदाबाई

कॅनडातल्या व्हिटबीच्या शाळेत तिसरीच्या वर्गाचा ‘पायोनियर डे’ होता, म्हणजे पहिल्या वसाहतकऱ्यांची कामं करून बघायचा दिवस. त्याच वर्गातल्या ऊर्मीच्या आजीला, म्हणजे सुनंदाबाईंना, लोण्याच्या टेबलावर व्हॉलंटियर नेमलं होतं. टीचर मिसेस डॉसननी त्यांच्या डोक्याला झालरीची पांढरी टोपीही बांधली होती. पलीकडे मुलं मेणबत्त्या करत होती, भोवरे फिरवत होती. इथं मात्र सहा जण क्रीमच्या बरण्या हलवून हलवून घामाघूम झाले, तरी लोणी काही येईना.

“फ्रिजमधून आत्ताच काढलंय ना? फार गार आहे,” असं म्हणून सुनंदाबाईंनी बरण्या जरा वेळ कोमट पाण्यात ठेवल्या आणि पुन्हा हलवायला लावल्या. थोड्याच वेळात लोण्याचे गोळे दिसले. मिसेस डॉसन ताक सिंकमध्ये ओतायला निघाल्या, तेव्हा बाईंनी बरणी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सरळ तोंडाला लावली.

“तुम्हाला हे सगळं कसं येतं?” ओवेन नावाच्या चष्मेवाल्या मुलानं विचारलं.

“लहानपणी घरी करायचो.”

“पाटीवर लिहायचात?”

“हो.”

“घरात लाइट?”

“कंदील.”

“पाणी?”

“विहिरीचं. आणि तुम्ही शिकताय ना तो कलोनियल काळ, माझा जन्म त्यातलाच.”

ओवेननं पाटी घेतली. “कॅनडा अठराशे सदुसष्टला झाला, तेव्हा कलोनियल काळ संपला. जन्म अगदी त्याच वर्षीचा धरू, आणि आता दोन हजार पंचवीस. म्हणजे कमीत कमी एकशे अठ्ठावन्न.”

सगळी मुलं बाईंकडे बघायला लागली. ऊर्मीचे कान लाल झाले. “आजी, सांग ना त्यांना.”

“आमच्याकडून इंग्रज जरा उशिरा गेले,” सुनंदाबाईंनी सुरुवात केली. पण तोवर ओवेननं टीचरची गादीची खुर्ची ओढून आणली होती. कुणी पायाखाली स्टूल सरकवलं. एका मुलीनं हळूच विचारलं, वॉशरूमपर्यंत धरून नेऊ का? सकाळपासून उभ्या असलेल्या बाईंचे गुडघे ठणकत होते, आणि इतक्या मायेनं त्यांची चौकशी घरी कुणी केल्याला बरेच दिवस झाले होते. बाई खुर्चीत बसल्या. लोणी लावलेलं बिस्कीट हातात आलं, तेही त्यांनी खाल्लं.

घरी जाताना ऊर्मी गाडीत फुरंगटून बसली होती. “यू लाइड, आजी.”

“एक अक्षर खोटं बोलले नाही.”

“मग उद्या मी त्यांना काय सांगू?”

सुनंदाबाईंनी बोटांवर हिशोब केला.

“एकशे सत्तावन्न सांग. माझा वाढदिवस डिसेंबरात असतो, अजून व्हायचाय.”