मोडून घेणारी फळी

या मित्रांनो, बसा. मला मात्र जास्त हलवू नका, हाडं खिळखिळी झाली आहेत. मी एक जुनी फळी आहे. तायक्वांदोच्या क्लासमधली, काळ्या प्लॅस्टिकची, लाथ मारून मोडायची फळी. ‘मोडेन पण वाकणार नाही’ असं माणसं छाती फुगवून म्हणतात. माझा तर तो रोजचा धंदा आहे, आणि त्याचं कौतुक कुणाला नाही.

माझा जन्म साच्यातला. माझे दोन भाग आहेत. एकाचे दात दुसऱ्याच्या खाचांत बसतात. लाथ नीट बसली की मी दुभंगते. मग मला दाबून जोडतात आणि पुढच्या पोरासमोर उभी करतात. लाकडाच्या फळ्या बिचाऱ्या एकदाच मोडतात आणि सुटतात. खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटतो.

आमच्या मॅडम नव्या मुलांना सांगतात की ही विद्या कोरियातली. तिकडे पायांनी खेळायचा एक जुना खेळ होता. गेल्या शतकाच्या मध्याला तिथल्या वेगवेगळ्या आखाड्यांनी थोडं आपलं, थोडं कराटेतलं घेऊन नवी विद्या घडवली आणि तिला तायक्वांदो हे नाव दिलं. पाय, मूठ आणि त्यांची वाट, असा त्याचा अर्थ. आता ती ऑलिंपिकमध्येही खेळतात. एवढं ऐकलं की पोरं विचारणारच, “मॅडम, उडी मारून लाथ कधी शिकवणार?”

“आधी वाकून नमस्कार करायला शीक,” मॅडम म्हणतात. “मग नीट उभं राहायला. लाथ कुठे पळून जात नाही.”

मग महिनोन्महिने तेच ते. गुडघे वाकवून उभं राहणं, श्वास सोडताना ओरडणं, त्याच हालचाली पुन्हा पुन्हा घोटणं. बघून बघून मी कंटाळले. पण धापा टाकणारी पोरं दमाची झाली, आणि हरल्यावर आदळआपट करणारा एक चिडका समोरच्याला वाकून नमस्कार करू लागला, हेही मीच पाहिलं.

आता ठकीचं सांगते. ठकी हे तिचं घरातलं नाव. तिचे वडील खिडक्यांना काचा बसवतात. वरच्या रंगाचा पट्टा मिळवायच्या परीक्षेत फळी घरच्या माणसाने धरायची, असा मॅडमचा नियम आहे. म्हणून वडिलांनी मला धरलं. ठकीची लाथ सरळ, जोरदार आली. मी मोडले नाही. तिची टाच मात्र सुजली.

“पुरे झाली ही हाणामारी,” तिची आत्या म्हणाली. “पोरीच्या अंगात तेवढा जोरच नाही.”

ठकी बुटाची नाडी बांधत राहिली. “पुढच्या वेळी नाही मोडली तर मी क्लास सोडते,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं, कारण चूक तिच्या पायाची नव्हतीच. काच तडकेल असं वाटलं की वडिलांचे हात आपोआप ढिले पडतात. जन्माची सवय. लाथ आली तसे ते मागे सरले, आणि लाथेचा जोर त्यातच जिरून गेला. पण सगळ्यांचं लक्ष मारणाऱ्याच्या पायाकडे. धरणाऱ्याचे हात कोण बघतो?

सरावासाठी मॅडमनी मला ठकीच्या घरी पाठवलं. भिंतीला चादरीत गुंडाळलेल्या काचा टेकवल्या होत्या. ठकी लाथा मारत होती, मी तशीच्या तशी. शेवटी ती थांबली.

“बाबा, तुम्ही डोळे का मिटता?”

वडील ओशाळले. “तुला लागेल गं. म्हणून जरा सैल सोडतो.”

“तुम्ही सोडता म्हणूनच लागतं.”

वडील तिच्या टाचेकडे बघत राहिले. दारात भाजी निवडत बसलेल्या आत्याचे हात थांबले.

पुढच्या परीक्षेच्या दिवशी वडिलांनी मला धरलं तेव्हा त्यांची बोटं पुन्हा सैल पडू लागली. तेवढ्यात आत्या उठली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने दोन्ही हात त्यांच्या पाठीला लावले.

“दादा, मी मागे आहे. आता हलून दाखव.”

वडिलांनी कोपरं ताठ केली. डोळे उघडे ठेवले. ठकी ओरडली, लाथ आली आणि मी मोडले. इतक्या वर्षांत मोडताना एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं. वडील माझे दोन तुकडे हातात घेऊन तसेच उभे होते. “लागलं का गं?” त्यांनी विचारलं. ठकीने मान हलवली. नाही.

मित्रांनो, मी आता थकले. माझे दात झिजले आहेत, थोड्या दिवसांनी मला अडगळीत टाकतील. तोवर धूळ पुसा, ओल्या गाद्यांखाली कोंबू नका, एवढं केलंत तरी खूप झालं. आणि कुणासाठी मला धरायची पाळी आली, तर घट्ट धरा. मायेने सैल सोडलेल्या हाताचा मार शेवटी त्या लेकराच्याच पायाला बसतो.