तेलात बुडवलेला दस्ता

मित्रांनो, मी बंदुकीचा दस्ता. खांद्याला टेकवतात ना, तो लाकडी भाग. अक्रोडाच्या खोडातून निघालो, आता म्हातारा झालोय, आणि माणसांबद्दल माझं मत काही फारसं चांगलं नाही. का, ते ऐका.

एका कारागिरानं मला कानशीनं घासून घडवलं. मग एका नेमबाजाकडे आलो. तो मैदानावर मातीच्या थाळ्या हवेत फोडायचा. बक्षिसं त्याला मिळायची, कौतुक नळीचं व्हायचं, धक्के मी खायचो. लाकडाला कोण विचारतो?

नेमबाज म्हातारा झाला, नजर अधू झाली, तेव्हा त्यानं बंदूक थोरल्या जावयाला दिली. देताना सगळ्यांसमोर बजावलं, "सांभाळा. हिचं काही वाकडं झालं, तर धाकट्यांना देईन." धाकटा जावई तिथेच बिस्कीट खात बसला होता. तो नुसता हसला. त्या हसण्यानं थोरल्याची झोप उडाली.

तेव्हापासून तो मला जीव लावायला लागला, आणि तिथेच घात झाला. काळजी म्हणजे तेल, एवढंच त्याच्या डोक्यात. दर रविवारी लोखंडावर तेल ओतायचा आणि बंदूक कोपऱ्यात उभी करायचा. नळी वर, मी खाली. आता तेल काय छताकडे जाणार? सगळं माझ्या मानेत मुरायचं. जिथे लोखंड लाकडाला भिडतं तिथे मी काळा पडलो, भिजलेल्या पावासारखा मऊ झालो.

बायको म्हणायची, "अहो, फरशीवर डाग पडतोय."

"तुला काय कळतंय बंदुकीतलं?"

तिला बंदुकीतलं कळत नव्हतं. डाग दिसत होता.

एके दिवशी पुसता पुसता रिकामी बंदूक सोफ्याला जराशी लागली आणि माझी मान कडकन तडकली. नेमका तेव्हाच फोन आला. सासरे येतायत. सोबत साडू!

शहाणा माणूस मिस्त्रीकडे गेला असता. हा स्वयंपाकघरातल्या खणाकडे गेला. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची अख्खी ट्यूब फटीत पिळली, फट मुठीत आवळली आणि टीव्ही बघत बसला. तेलकट लाकडाला गोंद धरत नाही, हे याला माहीत नव्हतं. गोंदाला माहीत होतं. तो फटीतून मुकाट बाहेर आला आणि वरच्या कोरड्या वार्निशला आणि याच्या तळहाताला मस्त धरून बसला.

दाराची बेल वाजली.

"अगं, माझा हात!"

"काय झालं हाताला?"

"बंदुकीला चिकटलाय!"

"मग सोडा."

"सुटत असता तर तुला हाक मारली असती का?"

बायको हसत हसतच दार उघडायला गेली. सासऱ्यांनी हात पुढे केला. यानं डावा दिला. उजवा पाठीमागे, आणि डोक्यामागून नळी वर आलेली.

"पाठीला काय झालंय?" साडूनं विचारलं.

"उसण भरलीय."

तेवढ्यात लोखंडाच्या वजनानं माझी मान साफ तुटली. नळी फरशीवर आदळली आणि घसरत सासऱ्यांच्या बुटापाशी जाऊन थांबली. मी जावयाच्या मुठीतच!

बायकोनं नेलपॉलिश काढायचं औषध ओतून एकेक बोट सोडवलं. याचा हात सुटला, माझं वार्निश गेलं. सहानुभूती कुणाला? हाताला.

मग मला मिस्त्रीकडे नेलं. मला हुंगून तो म्हणाला, "हा पडून मोडलेला नाही हो. बुडालाय." त्यानं मला खडूच्या भुकटीत गाडून ऊब दिली, काळं तेल बाहेर ओढलं, लाकूड सुकवलं, मग कुठे नीट जोडून मानेत पितळेची खीळ बसवली. दोन्ही जावयांना त्यानं बजावून सांगितलं, "तेल थेंबभर. आणि ठेवताना नळी खाली." दोघांनी माना डोलावल्या. माणसांना तेवढं छान जमतं.

सासऱ्यांनी शब्द पाळला. बंदूक धाकट्याला दिली. थोरला म्हणतो, दुःखानं त्याला जेवण गेलं नाही. बायको म्हणते, दोनदा वाढून घेतलं.

धाकट्यानं मला कौतुकानं घरी आणलं. "बघच आता, तुझी कशी काळजी घेतो ते!" म्हणाला. कोपऱ्यात उभं केलं. नळी वर! मग तेलाचा डबा काढला. थोरल्याची तर साधी बाटली होती.

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करू नका. कधी या घरी आलात, तर याचं लक्ष नसताना मला तेवढं उलटं करून जा.