मी, काट्यांचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. दप्तराचा नाही आणि कमरेचाही नाही. मी कुत्र्याच्या गळ्यातला, बाहेरून लोखंडी काट्यांचा. सध्या मी भुऱ्याच्या गळ्यात आहे आणि भुऱ्या जानेफळच्या शिवारात बोरीखाली बसून कान टवकारतो आहे. तो उठला की माझं बोलणं संपलं, तेव्हा मध्येच प्रश्न विचारू नका.

माझा जन्म चिखलीचा. तिथे बाजाराजवळ शकूरभाईंचं चामड्याचं छोटं दुकान आहे. बैलांचे गळपट्टे, घुंगरांच्या माळा, ताइतांच्या चामडी पिशव्या, सगळं दोरीला टांगलेलं असतं. समोरच्या घरात भालचंद्र सर राहतात. त्यांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. प्राण्यांची लॅटिन नावं पोरांकडून घोकून घेता घेता त्यांना त्या भाषेचंच वेड लागलं. सकाळी चहाचा कप घेऊन ते दुकानात येऊन बसत आणि टांगलेल्या वस्तूंना लॅटिन नावं देत. हार दिसला की म्हणत, "मोनिले." पिळाचं कडं दिसलं की तोर्क्वेस, बारीक साखळी दिसली की कातेल्ला.

"आणि हा तुझा ताईत, शकूर. रोमची लहान पोरं गळ्यात असाच घालायची. बुल्ला म्हणायचे त्याला."

शकूरभाई चामडं शिवायची आरी न थांबवता म्हणायचे, "म्हणा ना सर. गिऱ्हाईक आलं की ताईतच मांगते."

अशाच एका सकाळी महामाया दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. ती जानेफळची. तिचं घर गावाच्या कडेला, मागे झुडपी रान. नवरा महादेवराव शेगावच्या एका लॉजवर कामाला, सुटी मिळेल तसा घरी येणारा. घरी ती आणि तिच्या शेळ्या.

"बिबट्यानं माहा कुत्रा नेला, भाऊ," ती म्हणाली. "नरडीलेच धरलं. आवाजबी नाही निघाला त्याचा. आता भुऱ्या एकटाच राह्यला. त्यालेबी नेलं तं मी शेळ्या कोनाच्या भरवशावर सोडू?"

सरांनी कप खाली ठेवला. "शकूर, तू मिलस कर."

"ते काय असते आता?"

"पट्टाच. रोमची माणसं आपल्या कुत्र्यांना घालायची. जाड चामडं, बाहेर खिळ्यांची टोकं. आणि खिळ्यांच्या डोक्यांनी कुत्र्याचीच मान सोलू नये म्हणून आतून मऊ कातडं."

शकूरभाईंनी म्हशीचं जाड कातडं कापलं, त्यातून खिळे बाहेर काढले आणि आतून बकरीचं मऊ कातडं मेणाच्या दोऱ्याने शिवलं. असा मी झालो. सांगायला हरकत नाही, मी देखणा नव्हतो. पण त्या दुकानात इतर सगळे शोभेसाठी टांगलेले होते आणि मला एक काम दिलेलं होतं. भुऱ्याची मान राखायची.

मित्रांनो, ते काम लवकरच आलं. बिबट्या झुडपातून आला तो थेट मानेवर. मला त्याचे दात लागले आणि त्याला माझे खिळे. तो फिस्कारून मागे झाला आणि गेला. भुऱ्याला ओरखडाही नव्हता. मग काय विचारता माझा थाट! अख्खं गाव बघायला लोटलं. लोकांनी माझे फोटो काढले. सर एसटीने चिखलीहून मुद्दाम आले आणि सगळ्यांना सांगू लागले, "मिलस. दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव आहे याचं."

आणि इथेच घात झाला. महामायेला वाटलं, एवढ्या जुन्या नावाची, एवढ्या मानाची वस्तू रोज चिखला-पावसात कशी वापरायची? आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. चांगले कप पाहुण्यांसाठी, चांगली चादर सणासाठी. तिने मला पुसलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत तिच्या लग्नातल्या बोरमाळेशेजारी ठेवलं. कुलूप लावलं. किल्ली काळ्या जाड दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. महादेवरावांनी शेगावहून भुऱ्यासाठी लाल नायलॉनचा पट्टा आणला, त्याला एक छोटी घंटी.

मला राग आला नसता तरच नवल. अहो, मानेवर काटा नाही आणि वर घंटी! बिबट्याला पत्ता सांगायचीच सोय ती. पेटीच्या अंधारात मी ती किणकिण ऐकत पडून राहायचो. घंटी वाजली की जीव भांड्यात पडायचा, भुऱ्या अजून आहे म्हणून. बोरमाळ शेजारी खुशाल झोपलेली असे. तिला कसली काळजी? मला मात्र कुणी तेलाचं बोट लावलं नाही. माझं कातडं वाळलं, आक्रसलं, दुमडलं होतं तिथे तडकलं. तिकडे भुऱ्या भाकरी खाऊन मानेने रुंद होत होता.

मग एका दिवेलागणीला शेळ्या एकदम ओरडायला लागल्या. घंटी जोरात वाजली आणि थांबली.

ती थांबली तेव्हा मी संपलोच समजा. मग भुऱ्याची गुरगुर ऐकू आली, दाराजवळून, दबलेली. तो जिवंत होता. काही तरी समोर पाहून जागेवर थिजला होता. महामाया धावत घरात आली. गळ्यातला दोरा पुढे ओढून तिने तशीच वाकून किल्ली कुलपात घातली. घाईत किल्ली फिरेना. अखेर झाकण उघडलं. तिने बोरमाळ बाजूला फेकली आणि मला उचललं.

"थांब भुऱ्या, थांब माह्या बाप्पा," ती पुटपुटत होती.

तिने मला त्याच्या मानेभोवती ओढलं. बक्कल पुरेना. मी वाळून आखडलेला, तो जाड झालेला. चार बोटांचं अंतर उरलं. तिने पुन्हा ओढलं, तिच्या तळहाताला खिळे लागले, रक्त आलं, तरी पुरेना. गोठ्याचं काटक्यांचं कूड वाजलं. बिबट्या आत शिरत होता.

महामायेने गळ्यातला काळा दोरा हिसडून तोडला. किल्ली कुठे पडली ते तिने पाहिलंही नाही. दोरा माझ्या दोन्ही टोकांच्या भोकांतून ओवला, दुहेरी केला, दातांनी गाठ आवळली आणि भुऱ्याला सोडलं.

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण मलाही ते आठवायला आवडत नाही. बिबट्याने मानच धरली. माझं तडकलेलं कातडं करकरलं. मला भीती त्या दोऱ्याची होती. तो ताणला गेला, पण तुटला नाही. खिळे रुतले तशी पकड सुटली आणि बिबट्या कूड ओलांडून रानात निघून गेला. भुऱ्याचा एक कान फाटला. तो शेळ्यांसमोर आडवा पडून धापा टाकत राहिला आणि महामाया रक्ताळलेला हात त्याच्या पोटावर ठेवून बसली, श्वास चालू आहे की नाही ते बघत. चालू होता.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन चिखलीला आली. शकूरभाईंनी मला तेल पाजलं, कमी पडत होता तेवढा तुकडा जोडला. काळा दोरा ते काढायला लागले तर तिने हात धरला. "राहू द्या तो. वरून शिवा."

सर गहिवरले होते. "हा आता शाळेत काचेच्या कपाटात ठेवू. मुलं बघतील."

"पेटीत ठेवून पाह्यला सर मी," महामाया म्हणाली. "आता नाही."

सरांचं लक्ष तिच्या मोकळ्या गळ्याकडे गेलं. "बाजाराला यायचीस तेव्हा तुझ्या गळ्यात किल्लीचा दोरा असायचा ना?"

"भुऱ्याच्या गळ्यात हाये."

सरांनी कप बाजूला ठेवला आणि शकूरभाईंना मेणाचा दोरा ओवून दिला.

तेव्हापासून महामाया रोज संध्याकाळी मला तेलाचं बोट लावते, माझ्या आणि मानेच्या मध्ये बोट घालून ढिला-घट्ट बघते. पेटीला कुलूप नाही. मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट मानाने कोंडून ठेवलेली असेल. तिचं नाव कितीही मोठं असो, आज तिला बाहेर काढा. तिला तेल लावा, कामाला लावा. झिजली तर झिजू द्या. आम्हाला झिजण्याचं दुःख नसतं, वेळेला न पुरण्याचं असतं.

थांबा. भुऱ्या उठला.