दिवेलागणीचं विरजण

माझ्या तोंडाला कुलूप असतं ना, तर थाटीपुरामागच्या वस्तीतले लोक अजून पंपाचं पाणी पीत असते. सरळच सांगते, लपवून लपवून दमलेय मी आता.

बावीस वर्षं मी सरकारी पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुतल्या. आमचे लक्ष्मीकांत साहेब तिथं नाल्याच्या काळ्या गाळातून जिवाणू वाढवायचे. पॉलिशच्या कारखान्यांतलं क्रोमियम जमिनीत मुरून वस्तीच्या पंपाचं पाणी हळदीसारखं पिवळं झालं होतं. हे जिवाणू ते विष गाळातच बसवून टाकत, पाण्यात उतरू देत नसत. साहेब त्याला कल्चर म्हणायचे, मी विरजण म्हणायची, कारण एका बरणीतून दुसरी लागायची. खायला गुळाचं पाणी. वास मात्र असा, की देवा रे! पंपाशेजारी खड्डा खणून आम्ही ते सोडलं, आणि दोन वर्षांनी पाणी नितळ आलं. पंपावरचा धोक्याचा लाल रंग खरवडून काढला, तेव्हा तिथली अनसूया रडली होती. तिच्या पोरी मैलभरावरून पाणी आणायच्या.

तेवढ्यात दोन हजार सालचा नोव्हेंबर आला आणि राज्याचे दोन तुकडे झाले. साहेबांच्या वाट्याला रायपूर आलं. आमची प्रयोगशाळा दुसऱ्या खात्यात विलीन होऊन तिला सील लागलं, माझी भोपाळला बदली. घरी नवरा अर्धांगानं अंथरुणावर, त्याला काय डोक्यावर घेऊन जाऊ? साहेबांनी माझ्यासाठी एक शब्दही टाकला नाही, असं कुणीतरी कानात भरवलं होतं. मी नुसती धुमसत होते. तरी सील लागायच्या आदल्या दिवशी शेवटची बरणी त्यांनी माझ्याच घरी आणून ठेवली. "तुम्ही घरचं विरजण कधी मोडू देत नाही, ताई," म्हणाले.

साहेब जायच्या दिवशी दुपारी नव्या खात्याची माणसं पाहणीला आली. खड्ड्याला वास येतो म्हणून त्यात डबाभर ब्लीचिंग पावडर ओतून मोकळी झाली. काय म्हणावं या लोकांना! पाणी साफ करणारेच मारून टाकले.

साहेब धापा टाकत माझ्या दारात आले, तेव्हा मी नुकताच देवापाशी दिवा लावला होता. त्यांची गाडी रात्रीची होती.

"शरयूताई, बरणी द्या. जाता जाता खड्ड्याचं बघतो."

"दिवे लागलेत, साहेब. दिवेलागणीला विरजण देत नाहीत. सकाळी न्या."

सकाळी ते नसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मुद्दामच बोलले मी.

साहेब आधी हसले. त्यांच्या आईचंही हेच असायचं. मग चेहरा उतरला. कार्यमुक्तीच्या कागदासाठी दिवसभर उभे होते, वाद घालायचं त्राणच नव्हतं त्यांच्यात. हातातली किलोभराची पिशवी त्यांनी कट्ट्यावर ठेवली. "पोचलो की शेजारी मंदाताईंकडे फोन करतो. तोवर काही करू नका." फाटकापाशी थांबून म्हणाले, "तुमची बदली रद्द करा म्हणून तीनदा लिहिलं, ताई. कुणी ऐकलं नाही."

पिशवीत पांढरे खडे होते. मला वाटलं खडीसाखर, जाताना तोंड गोड करून गेले. देवापुढे ठेवली आणि रात्रभर लाजेनं तळमळत राहिले. सकाळी सहालाच उठले, फोनबिनची वाट न बघता बरणी घेऊन गेले आणि सगळं विरजण खड्ड्यात ओतलं. वाटलं, झाली भरपाई.

फोन संध्याकाळी आला, दिवे लागतानाच.

"ताई, आधी पिशवीतलं हायपो पाण्यात विरघळवून खड्ड्यात टाका. त्यानं ब्लीचिंगचा जोर जातो. मग दोन दिवसांनी बरणी. आधी ओतलीत तर एक जिवाणू जगायचा नाही."

फोन मी दुसऱ्या कानाला लावला.

"ताई? बरणी आहे ना?"

"सकाळीच ओतली, साहेब."

अगदी थकल्या आवाजात ते म्हणाले, "नवं विष मुरून यायला वेळ लागेल, होळीपर्यंत पाणी चालेल. पुढं पिऊ देऊ नका. सांगा त्यांना."

तशीच वस्तीत गेले. अनसूया पंपावर घागर भरत होती. "मौसी, बैठो ना," तिची धाकटी म्हणाली. अनसूयानं पेला भरून पुढं केला. "पिऊन तर बघा, ताई." प्यायले. गोड होतं हो पाणी. पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "अनसूया, होळीनंतर हे पोरींना देऊ नकोस. पुन्हा पिवळं होईल. माझ्या हातून विरजण मेलं."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं नुसती घागर पंपाखालून बाजूला ओढली.

"पाणी आणायचे डबे तर कालच भंगारवाल्याला दिले, ताई," ती म्हणाली.