दोघांपुरता ट्रेलर

सुवर्णा कुकर घेऊन गाडीत बसायला आली, तेव्हा मोरेश्वरने इंजिन पुन्हा बंद केलं.

"हे काय?"

"काय म्हणजे? कुकर."

"आपण ट्रेलर बघायला चाललोय, सुवर्णा. सहलीला नाही."

"म्हणून तर घेतलाय. शेगडीच्या वरती कपाट असतं त्यांच्या, मी व्हिडिओत बघितलं. शिट्टीसकट मावतो का, ते नको बघायला? घेतल्यावर कळलं तर काय, ग्रँड कॅन्यनपर्यंत सॅलड खात जायचं?"

मोरेश्वरने सगळी नोकरी तेलविहिरींच्या पंपांची डिझाइनं करण्यात घालवली होती. पण शेगडी आणि कपाट यांच्यामधली उंची बघायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि ते त्याला थोडंसं लागलं. त्याने निमूटपणे कुकर मागच्या सीटवर ठेवला. तो घरंगळायला लागला म्हणून त्याला पट्टाही बांधला. त्या सीटवर कुणाला पट्टा बांधायची वेळ बऱ्याच दिवसांनी आली होती.

ट्रेलरची कल्पना मोरेश्वरचीच. रिटायर झाल्यावर पहिले काही महिने त्याने गॅरेज आवरलं, मग कागदपत्रं आवरली, आणि मग आवरायला काहीच उरलं नाही. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधलं घर मोठं. घेतलं तेव्हा दोन्हीकडचे आईवडील सहा-सहा महिने येऊन राहायचे, नव्याने आलेली मराठी पोरं अपार्टमेंट मिळेपर्यंत यांच्याकडेच उतरायची, आणि गणपतीत तर जिन्याखालीसुद्धा कुणीतरी झोपलेलं असायचं. सुवर्णाने वरच्या कपाटात गाद्यांची चळत लावून ठेवली होती. ती चळत आता नुसतीच होती. संध्याकाळी दोघं दोन खोल्यांत दोन टीव्ही लावून बसायचे आणि जेवायची वेळ झाली की ती त्याला फोनवर मेसेज करायची. एकाच घरात! मोरेश्वरला ह्याची लाज वाटायची, पण जिना चढून हाक मारायला जायचा कंटाळाही यायचा.

तेव्हा गाडीमागे जोडून ओढत न्यायचं ते चाकांवरचं छोटं घर घ्यावं आणि देश बघत हिंडावं, असं त्याने ठरवलं. सुवर्णा एका वाक्यात तयार झाली. "स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःचं बाथरूम असेल, तर मी अलास्कालाही येईन," ती म्हणाली. आणि त्याच दमात पुढे म्हणाली, "मुलांनाही घेऊन जाऊ उन्हाळ्यात."

इथेच घोडं अडलं होतं.

मुलं म्हणजे नातवंडं, नील आणि अंतरा. मुलगा ऋषी आणि सून नेत्रा त्यांना घेऊन नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला राहायचे. सुवर्णाच्या नकळत मोरेश्वरने फेब्रुवारीतच ऋषीला फोन करून विचारलं होतं. ऋषी हसला होता. मग म्हणाला होता, "बाबा, be realistic. मुलांचे कॅम्प्स असतात, स्विमिंग असतं. And honestly, दहा दिवस एका डब्यात सगळ्यांनी... नेत्रा वेडी होईल. तुम्ही दोघं जा ना, you'll love it." पोरगा वाईट बोलला नव्हता. गोड आवाजातच बोलला होता. मोरेश्वरला मात्र तो 'डबा' शब्द आठवडाभर पुरला. त्याने हे सुवर्णाला सांगितलं नाही. सांगायचं कसं? ती त्या दिवशी अंतरासाठी लाडूंचं पार्सल बांधत होती.

म्हणून आता त्याला एकच गोष्ट साधायची होती. ट्रेलर दोघांपुरता घ्यायचा, तिने तो आपणहून कबूल करायचा, आणि तिने ऋषीला विचारायची वेळच येऊ द्यायची नाही.

ट्रेलरवाल्यांचं आवार गावाबाहेर हायवेला लागून होतं. मे महिन्यातली ह्यूस्टनकडची हवा, बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर वाफ. पांढऱ्या ट्रेलरच्या रांगाच रांगा उभ्या होत्या, आणि त्यांच्यातून डार्लीन नावाची एक हसरी बाई टोपी सावरत आली. तिने पहिलाच प्रश्न विचारला तो नेमका नको तोच. किती जण झोपणार?

"टू," मोरेश्वर म्हणाला.

"सिक्स," सुवर्णा म्हणाली.

डार्लीनने दोघांकडे पाहिलं. असं तिच्या आवारात रोजच होत असावं, कारण ती नुसती हसली आणि म्हणाली, आधी छोटा बघू.

छोटा ट्रेलर खरंच देखणा होता. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला दोघं समोरासमोर बसतील एवढं टेबल, मध्ये ओटा आणि दाराशी बाथरूम. सुवर्णाने चप्पल बाहेर काढली, तेव्हा डार्लीनने गोंधळून स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग सुवर्णाने शेगडीवर कुकर ठेवला, शिट्टी बसवली आणि मान वाकडी करून वरच्या कपाटाकडे बघितलं. बोटभर जागा उरत होती.

"बसतोय!" मोरेश्वर उत्साहाने म्हणाला. "आणि खिडकी बघ, बरोबर ओट्यासमोर. फोडणीचा वास सगळा बाहेर."

"हो, छान आहे," सुवर्णा म्हणाली. ती खाली बघत होती. पलंग आणि ओटा यांच्यामधली वाट जेमतेम एक माणूस जाईल एवढी. "पण इथे गादी कशी टाकायची?"

"कसली गादी?"

"खाली. कुणी आलं तर."

सगळ्या आयुष्यात या बाईने जागा बघितली ती अशीच, इथे किती गाद्या पडतील. जेवणाचं टेबल घेतलं ते बारा जणांचं, गाडी घेतली ती सात जणांची. मोरेश्वरला तिचा राग आला आणि लगेच त्या रागाचं वाईट वाटलं.

"कुणी येत नाही गं ट्रेलरमध्ये पाहुणा म्हणून," तो म्हणाला.

"पाहुणे कोण म्हणतंय? आपली मुलं."

मग मोठा ट्रेलर बघणं आलंच. त्यात मागच्या बाजूला एकावर एक असे दोन बिछाने होते, खास मुलांसाठी. प्रत्येकाला आपापली चिमुकली खिडकी, आपापला दिवा. सुवर्णाने आत शिरल्याबरोबर कुकर ओट्यावर ठेवला आणि दोन्ही दिवे लावून पाहिले. "अंतरा वर," ती म्हणाली. "तिला उंचावर आवडतं. नील खाली, त्याला रात्री उठायला लागतं." तिने खालच्या बिछान्यावर बसून बघितलं, वरच्या फळीला डोकं लागतं का ते पाहिलं, आणि पडद्याची दोरी ओढून पडदा मिटवला, उघडला. तिचा चेहरा असा उजळलेला मोरेश्वरने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"हा आपली गाडी ओढणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"वजन. आपल्या गाडीची कपॅसिटी नाही तेवढी. घाटात इंजिन बसेल. मी कॅल्क्युलेट केलंय."

मोरेश्वर आकड्यांशी कधी खोटं बोललेला नव्हता. साहेबांनी दटावलं तरी नाही. आज पहिल्यांदा बोलला, आणि तेही बायकोशी, आणि तेही इतकं कच्चं की डार्लीनने ते जागच्या जागी खोडलं. 'कपॅसिटी' हा शब्द तिला तेवढा कळला होता. तिने गाडीचं मॉडेल विचारलं, फोनवर बघितलं, आणि अगदी त्याच्यावर उपकार केल्यासारखी म्हणाली, काळजी नको, तुमची गाडी हा आरामात ओढेल.

सुवर्णाने नवऱ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला मुलं नको आहेत का बरोबर?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग झालं तर. थांबा, मी ऋषीलाच विचारते. हा बघू दे त्याला, मुलांना पण दाखवते."

"अगं, तो मीटिंगमध्ये असेल."

"शनिवारी?"

तिने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. मोरेश्वरला वाटलं, फोन वाजत राहावा आणि कुणी उचलू नये. ऋषीने दुसऱ्या रिंगला उचलला. तो घराबाहेर लॉनवर होता, पाठीमागे पाण्याचा फवारा चालू होता.

"हाय आई! कुठे आहेस?"

"ओळख! हे बघ." तिने फोन फिरवून बिछाने दाखवले, दिवे दाखवले. "ही अंतराची जागा. ही नीलची. तू आणि नेत्रा इथे पुढे, टेबल खाली केलं की डबल बेड होतो. जुलैत या दहा दिवस. यलोस्टोनला जाऊ. सगळा स्वयंपाक माझा, नेत्राला म्हणावं तू नुसती बसून राहा."

ऋषी फवाऱ्यापासून दोन पावलं बाजूला सरकला.

"आई... बाबांनी नाही सांगितलं का? We talked about this. फेब्रुवारीत."

मोरेश्वर खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर दुसऱ्या ट्रेलरची पांढरी भिंत होती, तिच्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"हो, हो, सांगितलं ना," सुवर्णा लगेच म्हणाली. क्षणभरसुद्धा अडखळली नाही. "मी आपलं म्हटलं, परत एकदा विचारावं. मुलांचं असतं रे काहीतरी, मला माहितीये."

"हो ना यार, this summer is crazy. तुम्ही दोघं एन्जॉय करा पण. It looks super cute!" मग तो बाजूला वळून म्हणाला, "नील, say hi to Aaji."

नील पडद्यावर आला, ओला होता. "हाय आजी," तो म्हणाला. "हे बघ बाळा, तुझा बेड," असं म्हणून सुवर्णा फोन फिरवेपर्यंत तो पळाला होता. फोन बंद झाला.

डार्लीन शहाणी बाई. बाहेर काहीतरी काम असल्यासारखं करून ती निघून गेली. मोरेश्वर वाट बघत उभा राहिला. आता सुवर्णा चिडेल, माझ्यापासून का लपवलंत म्हणेल, रडेल. तिने काहीतरी बोलावं असं त्याला फार वाटत होतं. ती बोलली असती तर त्याला तिच्याशेजारी बसता आलं असतं, सांगता आलं असतं की मलाही लागलंय गं, मीही फेब्रुवारीपासून हे एकटाच घेऊन हिंडतोय. पण ती उठली. जिथे बसली होती तिथली चादर तिने हाताने सारखी केली, दोन्ही दिवे एकेक करून बंद केले आणि ओट्यावरचा कुकर उचलला.

"तो लहानच घेऊ," ती म्हणाली. "कुकर बसतोय त्यात."

"सुवर्णा, ऐक ना. हवा तर हाच घेऊ. नंतर कधीतरी..."

"नको. दोघांनाच बरा तो."

एवढंच. पुढचं सगळं भराभर झालं. सह्या झाल्या, ट्रेलर गाडीला जोडून न्यायला पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. डार्लीनने दोघांना छोट्या ट्रेलरपुढे उभं करून फोटो काढला आणि थोडं जवळ या म्हणाली. दोघं सरकले. मोरेश्वरच्या मनासारखंच झालं होतं. जिंकल्याचा आनंद मात्र त्याला कुठे शोधूनही सापडेना.

परतीच्या वाटेवर सुवर्णाने तो फोटो कुणाकुणाला पाठवला. हायवेला लागतात न लागतात तोच गाडीतला स्पीकर वाजला. प्रतिमाचा फोन. प्रतिमा म्हणजे सुवर्णाची मंडळातली मैत्रीण. तिचा मुलगा गेल्या वर्षी बायकोपोरांसकट शेजारच्या गल्लीत राहायला आला होता, आणि हे ती कुठल्याही गप्पांत दोनदा तरी सांगायची.

"अभिनंदन गं!" प्रतिमाचा आवाज गाडीभर झाला. "काय गोड आहे! पण इवलासा दिसतोय. नातवंडं कुठे मावणार यात?"

मोरेश्वरचा पाय नकळत ॲक्सिलरेटरवरून सुटला.

"तेच ना गं," सुवर्णा हसत म्हणाली. तिचं हसणं अगदी खऱ्यासारखं होतं. "ऋषी कधीचा मागे लागलाय, आम्हाला पण न्या, आम्हाला पण न्या म्हणून. मीच म्हटलं, नाही बाबा, जागा कुठे आहे? आम्ही आमच्या दोघांपुरताच घेतलाय. आता जरा आमचं आम्ही हिंडू दे."

मोरेश्वरला तेव्हा कळलं, तिने लहान ट्रेलर का घेतला ते. मोठा घेतला असता तर ते रिकामे बिछाने सगळ्या गावाला दिसले असते. आता कुणी विचारलं, तर जागा नव्हती. मुलगा यायला तयार होता, आईकडेच जागा नव्हती. तिने पोराचं सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, आणि तेही कुकर हातात धरून, एका मिनिटात. तिला या खोट्यात तरी एकटीला सोडायचं नाही, एवढंच त्याला सुचलं.

"नील तर रडायलाच लागला फोनवर, वहिनी!" तो मोठ्याने म्हणाला. "मला आजीकडे झोपायचंय म्हणून. आवरेना कुणाला."

सुवर्णाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

"अगं बाई," प्रतिमा कळवळून म्हणाली. "लेकरू एवढं रडत होतं, तर मोठा का नाही घेतलात?"

पुढे सरळ रस्ता होता. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.

"हॅलो?" प्रतिमा विचारत राहिली. "सुवर्णा? आहात ना दोघं?"