दिवसाला मारलेली गाठ

चौकशीच्या खोलीबाहेर दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या, मधे एका माणसाची जागा सोडून. लॉन्ड्रीत त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. नात्यानं कुणी नव्हत्या. थोरलीच्या हाताखाली धाकटी चादरीची घडी घालायला शिकली, एवढंच.

महिन्यापूर्वी संध्याकाळी इस्त्रीखान्याला आग लागली. मोठ्या प्रेसचा स्विच चालू राहिला होता. चादरींचे गठ्ठे जळाले, वॉचमन धुरात गुदमरून आठ दिवस दवाखान्यात पडला. स्विच बंद करायचं काम थोरलीचं. पण विसरलेली छत्री न्यायला धाकटी सहानंतर एकटी आत गेली होती. दिवा लावताना तिनंच भलतं बटण दाबलं, असं सगळे धरून चालले. थोरलीच्या हातून चूक झाली असेल हे कुणाच्या मनातही येईना. थोरलीची वही होती ना!

वयाच्या अकराव्या वर्षापासून तिनं रोजनिशीच्या वहीचा एक दिवस चुकवला नव्हता. लग्न झालं, लिहिलं. लेक झाली, लिहिलं. सासू अंथरुणाला खिळली, घरात बसायला सवड उरली नाही, तेव्हापासून ती कामावरच लिहू लागली. पावणेसहाला शेवटच्या चादरी घडीला जात तेवढ्यात, टेबलाशी उभ्या उभ्या. तिथंच एक खोड जडली. दिवसाला गाठ मारल्याशिवाय तिला वही मिटवेना. म्हणून राहिलेलं कामही ती झालं असं लिहून टाकी, 'स्विच बंद केला, घरी निघाले', आणि मग जाऊन स्विच बंद करी. वीस वर्षं पेन पुढं, हात मागं. कधी चुकामूक झाली नाही.

"तुझा दिवस आधी कागदावर मावळतो, मग आभाळात," नवरा चिडवायचा.

त्या दिवशी मात्र लिहून होतंय तोच फोन वाजला. लेकीला बाळंतपणाच्या खोलीत नेलं होतं. वही पिशवीत कोंबून थोरली धावत सुटली. दवाखान्यात नर्सचं हिरवं पेन मागून तिनं त्याच पानावर खाली लिहिलं, 'नात झाली. मूठ आवळून आली.'

आज सकाळी नवऱ्यानं ते पान उजेडात धरलं.

"निळ्यानं स्विच, हिरव्यानं नात," तो म्हणाला. "आणि मधलं? खरंच केलास बंद?"

तिनं वही त्याच्या हातून घेतली आणि मिटली.

"चौकशीचे साहेब काही शाई बघत बसणार नाहीत. निवृत्तीला दोन महिने राहिलेत तुझे. मानानं बाहेर पड."

आता पिशवीतली ती वही मांडीवर दगडासारखी बसली होती.

"ताई," धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मी फक्त दिव्याचं बटण दाबलं होतं. पण आता मलाच माझा भरवसा वाटत नाही. इतके जण सांगतात, तर दाबलंही असेल दुसरं."

थोरली तिच्याकडे वळली. तेवढ्यात दार उघडलं आणि तिला आत बोलावलं.

लॉन्ड्रीचे मॅनेजर खुशीत होते. "साहेब, आमचं रजिस्टर चुकेल, पण यांची वही नाही चुकायची. दाखवा बाई, दाखवा!"

साहेबांनी पान वाचलं. मान हलवली. "स्पष्टच आहे. आणि नात झाली वाटतं? अभिनंदन." त्यांनी वही मिटली आणि तिच्याकडे सरकवली.

झालं होतं. फक्त उचलायची आणि उठायचं. तिनं वहीवर हात ठेवला, उचलवेना.

"साहेब, हे मी पावणेसहाला लिहिलं."

"बरं."

"स्विच सहाला बंद करायचा असतो."

मॅनेजरांचं हसू ओठांवरच राहिलं. "बाई, काय बोलताय तुम्ही?"

"रोजचंच आहे. शेवटची ओळ मी आधी लिहून ठेवते. त्या दिवशी फोन आला आणि मी पळाले."

साहेब पुढं झुकले. "मग स्विच बंद केलात की नाही?"

"केल्याचं आठवतं." तिनं उजव्या हाताचं बोट पुढं केलं. "बोटाला खटका लागलेला आठवतो. पण महिनाभर मी हे पान रोज वाचतेय. तो खटका त्या दिवशीचा, की वाचून वाचून बोटात आलेला, ते मला सांगता येत नाही."

"म्हणजे या सगळ्या वह्या..."

"शेवटची ओळ सोडून खऱ्या आहेत," ती म्हणाली, आणि ते किती लंगडं वाटतं हे तिलाच ऐकू आलं.

साहेबांनी जबाब लिहून घेतला. "नीट वाचा, मगच सही करा." तिनं दोनदा वाचला. सही केली.

बाहेर आली तेव्हा धाकटी उभी होती. दार पातळ होतं. तिनं सगळं ऐकलं होतं.

"महिनाभर, ताई?" ती हळू म्हणाली. "लोक मला वॉचमनच्या बायकोसमोर उभं करत होते. माझी आई माझ्याशी बोलायची थांबली. आणि तुम्ही रोज ते पान वाचत होता?"

"वाचत होते."

"मला रात्रंदिवस वाटायचं, माझंच डोकं फिरलंय." तिचे डोळे भरले, पण तिनं ते पुसले नाहीत. "आज सांगितलंत. कळलं. पण मला तुमच्याशी आत्ता बोलायचं नाही."

"नको बोलूस," थोरली म्हणाली.

आतून धाकटीला हाक आली. तिनं पदर सारखा केला आणि आत गेली. थोरली भिंतीला टेकून उभी राहिली. आधी साहेबांचा प्रश्न ऐकू आला, आणि मग धाकटीचा आवाज, महिन्याभरात पहिल्यांदाच न अडखळता: "मी सांगते. मी फक्त दिवा लावला होता."